जनजागृती सुरू आहे, झोपमोड करू नये

वंशभेदाविरुद्ध लढण्यात आपण भारतीय जुनेजाणते. १९४६ साली संयुक्त राष्ट्रांचं दार नुकतंच उघडलं होतं, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार घेऊन आपण रांगेत पुढे उभे होतो. पुढे १९६० साली २१ मार्चला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली, म्हणून ती तारीख जगभर वंशभेदविरोधी दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडेही पाळतात. कॉलेजात पोस्टर स्पर्धा होते. चार रंगांचे चार हात एकमेकांत गुंफलेले, मध्ये पृथ्वीचा गोल, वर कबूतर. पहिलं बक्षीस कबुतराला.

स्पर्धेनंतर कँटीनमध्ये चहा असतो. तिथं मणिपूरहून शिकायला आलेल्या मुलीला कुणीतरी अगदी आपुलकीनं विचारतं, "तुमच्याकडे रोज मोमोच खातात का गं?" दुसऱ्याची शंका भूगोलाची: "तिकडे जायला व्हिसा लागतो?" तिसरी थेट कौतुकच करते: "तुझं हिंदी किती छान आहे!" मोमो मणिपूरचा नाही, हे सांगायचा कंटाळा त्या मुलीला पहिल्याच वर्षी येऊन गेलेला असतो. ती हसते. सेमिस्टर सहा महिन्यांचं असतं आणि डबा याच मंडळींबरोबर खायचा असतो. न हसून जाईल कुठं?

या प्रकाराला मायक्रोअ‍ॅग्रेशन हे नाव १९७० साली चेस्टर पिअर्स यांनी दिलं. हार्वर्डमधले मानसोपचारतज्ज्ञ, स्वतः काळे. आपण बारीक चिमटे म्हणू. यात मारहाण नसते, कुणी खलनायक नसतो, वळ तर उमटतच नाही. फक्त चिमटा रोज असतो आणि काढणारा रोज नवा असतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, मी तर पहिल्यांदाच विचारलं. हेच पिअर्स 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाचे सल्लागारही होते. प्रबोधन कुठल्या वयात सुरू करावं याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. आपण ते पदवीच्या दुसऱ्या वर्षाला करतो, तेही एनएसएसची हजेरी लागणार असेल तर.

अजिंठा-वेरूळला तिकिटाच्या खिडकीवर भारतीयाला ४० रुपये पडतात आणि परदेशी पाहुण्याला ६००. मात्र परदेशी माणूस सार्क किंवा बिमस्टेक देशांतला असेल तर त्यालाही चाळीसच. म्हणजे खिडकीतल्या साहेबांनी अरुणाचलच्या कुटुंबाला नेपाळी ठरवलं काय किंवा भूतानी ठरवलं काय, सरकारी तिजोरीला दमडीचा फरक पडत नाही. तरी ईशान्येतली माणसं अशा खिडक्यांपुढे आधार कार्ड हातात धरूनच उभी राहतात. मागच्या रांगेतल्या सांगलीच्या कुटुंबाकडे कुणी कार्ड मागत नाही. त्यांचं आधार त्यांच्या नाकावरच छापलेलं असतं.

आता मूळ विषय, जनजागृती. आपल्या देशातल्या जनजागृतीचा सगळ्यात अस्सल नमुना २००७ सालचा आहे. दिल्ली पोलिसांनी ईशान्येतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षेच्या सूचनांची एक पुस्तिका काढली. त्रास कोण देतं? दिल्लीकर. पुस्तिका कुणाला? ज्यांना त्रास होतो त्यांना. कपडे स्थानिकांच्या भावना ओळखून घालावेत. अखुनी, बांबूचे कोंब असले उग्र वासाचे पदार्थ शेजारी गडबड उडणार नाही अशा बेतानं शिजवावेत. अखुनी म्हणजे नागालँडातलं आंबवलेलं सोयाबीन. त्याच्या वासानं कायदा आणि सुव्यवस्था धोक्यात येते, हे तोवर नागालँडात कुणाला माहीत नव्हतं. गंमत अशी की पुस्तिकेमागचा अधिकारी स्वतः ईशान्येतलाच होता. म्हणजे हेतूत खोट नाही. आजी नातीला "सातच्या आत घरात" म्हणते त्याच मायेनं तो म्हणत असणार, बाळांनो, गॅस बारीक ठेवा. पण चोर सोडून संन्याशाला सुळी देताना जल्लाद प्रेमळ असला म्हणून संन्याशाला फारसा दिलासा मिळत नाही. बारा वर्षांनी या विषयावर सिनेमाच आला, नावच 'अखुनी'. दिल्लीत एका मैत्रिणीच्या लग्नासाठी एक पदार्थ शिजवायचा, एवढीच गोष्ट. त्याला दीड तास लागतो.

हे खरं तर मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. मुंबईत घर शोधताना "मराठी? म्हणजे नॉनव्हेज?" हा प्रश्न ज्यानं ऐकला, ज्याच्या आईच्या तव्यावरच्या सुक्या बोंबलावरून सोसायटीची तातडीची सभा भरली, त्याला वासाचं राजकारण कुणी शिकवावं? असं काही घडलं की आपण पेटून उठतो. वाहिन्यांवर चर्चा होते, पक्षांचे लोक फुलांच्या गुच्छासकट किंवा गुच्छाशिवाय सोसायटीत पोचतात. बरोबरच आहे. मग हाच मराठी माणूस पुण्यात दुसरा फ्लॅट घेतो, भाड्यानं द्यायला काढतो, दोन नागा मुली बघायला येतात, आणि हा ब्रोकरला बाजूला घेऊन विचारतो, "त्या तसलं काही शिजवणार नाहीत ना?" मुंबईतली अस्मिता खंडाळ्याचा घाट चढली की उपद्रव होते.

न्यू जर्सीतल्या भाच्याचंही तसंच. "नाही, पण तुम्ही मूळचे कुठले?" असं तिकडचा गोरा शेजारी तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा भाच्याचं रक्त उकळतं, तो फेसबुकवर चारशे शब्द लिहितो आणि महाराष्ट्र मंडळात त्यावर परिसंवाद होतो. दिवाळीला पुण्यात आला की पार्लरमध्ये केस कापणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न हाच: "मूळचा कुठला रे तू? नेपाळ?" पोरगा म्हणतो, "आसाम." भाचा म्हणतो, "नाही, पण मूळचा?"

कायद्याकडे वळू. जनजागृतीनं भागत नाही म्हटल्यावर सरकार कायद्याकडे वळतं, कायदा होत नाही म्हटल्यावर पुन्हा जनजागृतीकडे.

२०१२ च्या जूनमध्ये केंद्रीय गृह खात्यानं राज्यांना कळवलं की ईशान्येतल्या माणसाला 'चिंकी' म्हणणाऱ्यावर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवा. पाच वर्षांपर्यंत तुरुंग. कडक काम. अडचण एवढीच की समोरचा अनुसूचित जाती किंवा जमातीतला असेल तरच हा कायदा लागतो. नागा, मिझो, खासी असेल तर लागेल. मणिपूरचे मैतेई जमातींच्या यादीत नाहीत, आसामातलीही पुष्कळ माणसं नाहीत. तेव्हा टपरीवरच्या टवाळानं शेरा मारण्याआधी समोरच्याकडून जातीचा दाखला मागून घ्यावा, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र जोडलेलं असेल तर उत्तम, आणि मगच ठरवावं की जीभ उचलून टाळ्याला लावायची की नाही.

त्याच वर्षी ऑगस्टात मोबाइलवरून हल्ल्यांच्या अफवा फिरल्या आणि बंगळूर, पुणे, चेन्नई इथून ईशान्येतली हजारो माणसं भेदरून गावाकडे निघाली. सरकारनं पंधरा दिवस एका वेळी पाचांपेक्षा जास्त जणांना एसेमेस पाठवायला बंदी घातली. रेल्वेनं गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडल्या. एरवी गणपतीला कोकणात जायला जादा गाडी मिळवताना आमदारांची दमछाक होते, त्या मानानं ही तत्परता वाखाणण्याजोगी.

मग २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपत नगरमध्ये अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली. त्यानं रागानं काच फोडली, त्याला मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी तो गेला. चिमट्यापासून मरणापर्यंत अंतर एका दिवसाचं. फेब्रुवारीत बेझबरुआ समिती बसली, जुलैत अहवाल आला, म्हणजे समितीनं आपलं काम झटपट केलं. तिनं दंडविधानात दोन नवी कलमं सुचवली: वंशावरून माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का देणाऱ्या कृत्याला एक, वंशावरून अपमान करणारे शब्द आणि हावभाव यांना एक. शाळा-कॉलेजांत ईशान्येचा इतिहास शिकवा, तिकडे क्रीडास्पर्धा भरवा, पोलिसांत तिकडची माणसं घ्या, असंही सांगितलं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही देखरेखीसाठी समिती नेमायला सांगितलं. समितीवर समिती, त्यावर देखरेख.

आणि १ जुलै २०२४ पासून तर आख्खं दंडविधानच बदललं. भारतीय न्याय संहिता आली. एवढी कलमं इकडची तिकडे झाली, त्या धांदलीत ती दोन कुठंतरी आत सरकली असतील, असं कुणालाही वाटेल. नाही सरकली. वंशाचा उल्लेख आहे, नाही असं नाही. पाच किंवा अधिक जणांच्या जमावानं वंशावरून खून केला किंवा गंभीर दुखापत केली तर वेगळं पोटकलम आहे. कायद्याला वंश दिसतो, पण आधी कोरम पूर्ण व्हावा लागतो. गटागटांत वैर पसरवण्याचंही कलम आहे, पण एकट्या मुलीला रिक्षा स्टँडवर "ए मोमो" म्हटल्यानं गटागटांत वैर पसरत नाही. फक्त तिची सकाळ जाते.

एक गोष्ट मात्र कामाची झाली. दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या लोकांसाठी वेगळा विभाग आणि १०९३ हा मदतीचा क्रमांक सुरू केला, तिकडून शिपायांची भरतीही केली. तक्रार लिहून घेणाऱ्यानं "म्हणजे नेमकं काय म्हणाला? मग त्यात वाईट काय?" असं विचारू नये, एवढ्यासाठी जगातली कितीही पोस्टरं लावली तरी व्यर्थ, लिहून घेणाराच चिमटे खाल्लेला असेल तर प्रश्नच मिटतो. पुण्यात ईशान्येतली एवढी माणसं शिकतात, केस कापतात, हॉटेलांत वाढतात, राखणी करतात. इथल्या चौकीत त्यांच्यासारखा चेहरा खुर्चीवर बसलेला सहसा दिसत नाही. असलाच तर बाहेर, बाकावर.

२०२० मध्ये साथ आली. मार्चमध्ये गृह खात्यानं पुन्हा राज्यांना पत्र लिहिलं, ईशान्येतल्या लोकांना करोनावरून छळू नका. एप्रिलमध्ये मुंबईत सांताक्रूझच्या कलिना भागात एका मोटारसायकलवाल्यानं मणिपूरच्या तरुणीवर थुंकून पळ काढला. सगळ्यांनी मास्क लावायचे ते दिवस. त्यानं थुंकायला मास्क खाली केला असणार. नंतर पोलिसांनी त्याला पकडलं. पुढच्या वर्षी जुलैत टोकियोत मीराबाई चानूनं रौप्यपदक उचललं आणि देशभर ती एकदम 'आपली लेक' झाली. तेव्हा अंकिता कोंवर, आपल्या मिलिंद सोमणची आसामी बायको, जाहीरपणे म्हणाली की ईशान्येतल्या माणसाला भारतीय व्हायचं असेल तर देशासाठी पदक आणावं लागतं; एरवी तो चिंकी, चिनी, नेपाळी आणि हल्ली करोना. यावर पुष्कळांनी तिला समजावलं की असं सरसकट बोलू नये, सगळे तसे नसतात. हे "सगळे तसे नसतात" फार उपयोगी वाक्य आहे. जो तो ते स्वतःला उद्देशून म्हणतो.

आता टीव्ही-सिनेमातून होणारं प्रबोधन. मणिपूरच्या मेरी कोमवर २०१४ मध्ये हिंदी चित्रपट निघाला, मेरी कोम झाली प्रियांका चोप्रा. धंद्याचं गणित असेल, ठीक आहे. पण आपणही मागे नाही. स्टार प्रवाहवर २०१९ पासून जवळजवळ चार वर्षं 'रंग माझा वेगळा' चालली. मूळ मल्याळम मालिका, मराठीत घरोघर लोकप्रिय. नायिकेचा रंग काळा, सासूला काळ्या रंगाचा तिटकारा, आणि रोज संध्याकाळी संदेश की बाबांनो, रंगावर जाऊ नका. एवढं चांगलं बोलायला नायिका म्हणून घेतली गोरी अभिनेत्री आणि रोज तिला काळा रंग फासला. महाराष्ट्रात सावळ्या मुलींची टंचाईच एवढी! ऑडिशनला आलेल्या सावळ्या मुलींना बहुतेक सांगितलं असेल, तुमचा रंग वेगळा आहे, पण तसा वेगळा नाही. आणि त्या संदेशाच्या मध्ये जाहिराती लागायच्या, त्या कसल्या, हे मराठी प्रेक्षकाला सांगायला नको.

त्या क्रीमचंही एकदा बोलून टाकू. १९७५ सालापासून 'फेअर' असलेली बया २०२० च्या जुलैत एका रात्रीत 'ग्लो' झाली. अमेरिकेत वंशभेदाविरुद्ध रस्त्यावर लोक उतरले होते, लग्न जुळवणाऱ्या एका बड्या साइटनं त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली, तेव्हा इथंही पाटी बदलणं आलं. त्याआधी २०१४ मध्ये जाहिरातींच्या परिषदेनं नियम केला होता की काळी मुलगी उदास आणि गोरी मुलगी यशस्वी असं दाखवू नका. नियम पाळला गेला. आता मुलगी आधी 'निस्तेज' असते.

याहून स्वच्छ, थेट, नेमक्या शब्दांतली जनजागृती आपल्याला येत नाही असं मात्र नाही. गोव्यात २०१३ मध्ये पर्रा गावात एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीपाशी महामार्ग अडवला. त्यानंतर गावात फलक लागला: नायजेरियनांना नाही म्हणा, ड्रग्जना नाही म्हणा. एका मंत्रिमहोदयांनी नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली. बघा, कबूतर नाही, पृथ्वीचा गोल नाही, संदिग्धपणा औषधालाही नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर ड्रग्जच्या गुन्ह्यांत पकडले जाणाऱ्यांत गोरेही असतात. पण गोऱ्याचा गुन्हा त्याचा एकट्याचा असतो, काळ्याचा गुन्हा त्याच्या खंडाचा. हे कोणत्या मुलखात चाललंय? जिथं मलिक अंबर नावाच्या हबशी गुलामानं निजामशाही पाठीवर पेलली, १६२४ साली भातवडीला शहाजीराजे ज्याच्या बाजूनं लढले, ज्याच्या सारापद्धतीवर शाळेतल्या पोरांनी टिपा पाठ केल्या, त्या दख्खनच्या शेजारी. आज मलिक अंबर पुण्यात खोली शोधायला आला असता तर ब्रोकर म्हणाला असता, "सर, डिपॉझिट डबल. मालकांना जरा भीती वाटते."

आणि जिथं भीती नसते तिथं प्रेम असतं, ते तर फारच अवघड. वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळला तेव्हा त्याला 'कालू' म्हणायचे. त्याला वाटायचं, आपण दणकट आहोत म्हणून हे काहीतरी घोड्याबिड्यासारखं म्हणत असतील; तोही हसायचा. २०२० मध्ये त्याला अर्थ कळला, तो भडकला, मग एका जुन्या सहकाऱ्यानं फोन करून सांगितलं की ते प्रेमानं होतं. असेलही. आपल्याकडे वर्गातल्या सावळ्या पोराला काळ्या, बारीक डोळ्यांच्याला चिन्या आणि जाड्याला जाड्याच म्हणतात, सगळं प्रेमानं. फक्त हे प्रेम वर्गातल्या सगळ्यात गोऱ्या पोराच्या वाट्याला कधी येत नाही.

सरकारच्या प्रेमाचा नकाशाही पाहण्यासारखा. 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजनेत राज्यांच्या जोड्या लावल्या. एका राज्यानं दुसऱ्याची भाषा, गाणी, जेवण शिकायचं. महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आला, गोव्याच्या वाट्याला झारखंड. मणिपूर आणि नागालँड गेले मध्य प्रदेशाकडे. म्हणजे पुण्यात राहणाऱ्या नागा मुलीला कुणी चिंकी म्हटलं तर पुणेकराला जबाबदार धरता येत नाही. तो विषय भोपाळचा आहे.

इतक्या पोस्टरांचा, पत्रांचा, पुस्तिकांचा दोष एकच: ती कुणाशी बोलतात ते कळत नाही. पोस्टर बोलतं एका दुष्ट माणसाशी, जो पोस्टर वाचत नाही. पुस्तिका बोलते त्रास सोसणाऱ्याशी, ज्याला ते आधीच पाठ आहे. मधला जो मोठा वर्ग आहे, सुशिक्षित, शाकाहारी किंवा मत्स्याहारी, मतदान करणारा, रांगेत उभा राहणारा, त्याच्याशी कुणी बोलतच नाही. तो पोस्टरखालून जातो, मान डोलावतो, म्हणतो "लोकांना कळायला पाहिजे हो," आणि पुढच्या चौकात मोमोवाल्याला "ए बहादूर" अशी हाक मारतो.

ऑस्ट्रेलियात 'बियाँडब्लू' या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१४ मध्ये एक जाहिरात केली, तिनं हा पत्ता बरोबर शोधला होता. त्यात शिवीगाळ करणारा गुंड नाही. बसमध्ये शिरणारी, दुकानात उभी असलेली, नोकरीच्या मुलाखती घेणारी साधी गोरी माणसं आहेत, आणि त्यांच्या कानाशी लागून कुजबुजणारा एक लोचट गडी आहे, जो इतर कुणाला दिसत नाही. बसमध्ये आदिवासी माणसाशेजारची जागा रिकामी असते. हा म्हणतो, तिथं नको बसूस. दुकानात म्हणतो, याच्यावर नजर ठेव. तो बोलत राहतो आणि सभ्य माणसं न बोलता त्याचं ऐकत राहतात. पाहणाऱ्याला पळवाट उरत नाही, कारण तो गडी आपल्याही ओळखीचा निघतो. जाहिरातीनं देश सुधारला असं मात्र समजू नका. २०२३ मध्ये तिथल्या आदिवासींना संसदेपुढे म्हणणं मांडायला एक सल्लागार मंडळ द्यावं का, यावर सार्वमत झालं. सुमारे साठ टक्के लोकांनी नको म्हटलं. मतदानाच्या खोलीत दुसऱ्या कुणाला मज्जाव असतो, पण तो गडी दिसत नसल्यामुळे त्याला कोण अडवणार!

तरीही करायचंच असेल तर चौकातली होर्डिंगं सोडावीत. तिथं आधीच वाढदिवसांची गर्दी आहे. चिमटा जिथं काढला जातो तिथंच पाटी लावावी. उदाहरणार्थ स्टाफरूममध्ये. ज्या सरांच्या तोंडून 'धृष्टद्युम्न' आणि 'किंकर्तव्यविमूढ' एका दमात बाहेर पडतं, त्यांना हजेरीत 'लालरेमसियामी' आलं की चष्मा पुसावा लागतो आणि "तुला आम्ही लिली म्हणू हं" असं जाहीर करावं लागतं. सोसायटीच्या बोर्डावर 'पाणी जपून वापरा' आणि 'मेंटेनन्स थकबाकीदारांची नावे' यांच्यामध्ये एक ओळ सहज मावेल. आणि एक रेडिओ जाहिरात करावी. वीस सेकंद पुरतात. संहिता फुकट देतो.

(फोनची रिंग.)

"हॅलो अंकल, तो टू बीएचके बघायला यायचं होतं."

"या की, आजच या. नाव काय म्हणालात?"

"चानू."

"चानू... छान छान. मराठीच ना?"

"नाही अंकल, इम्फाळ."

"अरेरे, आत्ताच गेला हो फ्लॅट."

"पण पाटी अजून लागलेलीच आहे. मी खालीच उभी आहे."

"ती काढायचीच आहे. माणूस आला नाही अजून."

एवढंच. शेवटी सरकारी आवाजात बोधवाक्य नको. फक्त प्रायोजकाचं नाव. गोरेपणाच्या क्रीमवाल्यांना विचारून पाहावं. नाव बदलून झालंय, जाहिरातीचं बजेट तर तसंच असेल.